बोरांचं सरबत

शारजातल्या लेबर कॅम्पमागे एक बोरीचं झाड होतं. शुक्रवारच्या सुट्टीत दत्तारामने खाली पडलेली बोरं वेचली, त्यांचं सरबत केलं आणि बाटली भरून खाटेखाली ठेवली. रजेवर जाताना ती बायकोसाठी न्यायची होती. शेवंतीचा बोरांवर भारी जीव.

पण साखर कमी पडली होती, आणि त्यात तिथला तो मेला उकाडा. दोन-चार दिवसांतच बूच उडालं आणि खोलीभर आंबूस वास सुटला. कॅम्प बॉस धावत आला. त्याने बाटली हुंगली.

"शरबत है साब, बीवी के लिए," दत्ताराम म्हणाला.

"शरबत नहीं, शराब है ये! तेरा व्हिसा कॅन्सल. खलास!"

दत्ताराम रिकाम्या हातांनी कायमचा गावी परतला. ओटीवर बसून शेवंतीला पहिल्यापासून सगळं सांगू लागला, "अगं, तुझ्यासाठी बोरं वेचली, उकळली, मग फडक्यातून गाळली..."

"पुरे," शेवंती म्हणाली. "तिथं दारू मिळत नाही, म्हणूनच तर मी तुम्हाला धाडलं होतं. तर तिथंही तुम्ही गाळलीतच!"