चिमणीच्या रक्तातली खूण

"हाताला गाठ लागणार नाही मावशी, पण रक्तातली खूण वाढलीय," डॉक्टर अनघा फोनवर म्हणाल्या. "थानात गाठ धरायला लागली की आधी ही खूण दिसते. चिमणीला गुरुवारी लोणावळ्याला आणा. आत्ताच काढली तर वाचेल."

चिमणी निवृत्तीची कुत्री. भाजे गावातल्या त्यांच्या आळीत फोनला रेंज मिळते ती फक्त सरूबाईच्या ओट्यावर. म्हणून कुत्र्यांच्या तपासणी शिबिरात त्यांचं रक्त तपासायला देताना सगळ्यांनी तिचाच नंबर लिहून दिला होता.

सरूबाईची स्वतःची कुत्री, हौशी, चार वर्षांपूर्वी गेली. कुणीतरी भाकरीतून विष घातलं. कुणी, ते कळलं नाही. तेव्हापासून ती देवाकडे एकच मागायची: तो माणूस दाखव. कीर्तनाला ती सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन बसायची. बुवा क्षमेवर आले की मात्र टाळ खाली ठेवायची. "एवढं सोडून बोला, बुवा," असं एकदा तोंडावर म्हणाली होती.

हौशीला पुरायला खड्डा निवृत्तीनं खणला होता. त्या मायेपोटी ती पदर खोचून त्याच्या दारात धावली. तो चिमणीच्या गोचड्या काढत बसला होता.

"निवृत्ती, हिच्या रक्तात वाईट निघालंय. डॉक्टरीणबाईंचा फोन व्हता."

"धडधाकट हाय की! आत्ता भाकर खाल्ली..." तो एकदम उठला. "काय घातलंस तिला?"

"आँ?"

"रक्तात उतरलंय म्हंजे इखच की! चार वर्सं मनात धरून बसलीस व्हय, आक्का? तुझी हौशी रोज कोंबड्या न्यायची माझ्या. मारायचं तर मला मारायचं हुतंस. हिनं काय केलंय तुझं?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. चिमणी दोघांकडे बघत शेपूट हलवत होती.

"इख न्हाई," सरूबाई सावकाश म्हणाली. "थानात गाठ धरतीय. कापली तर जगंल."

ती वळली आणि ओट्यावर येऊन बसली. तो माणूस सापडला तर काय काय करायचं, ते तिनं चार वर्षं घोळवून ठेवलं होतं. आता काही करायचीच गरज नव्हती. गुरुवारचं त्याला सांगितलंच नाही, नुसतं गप्प बसलं की झालं.

निवृत्ती मागोमाग आला. पायरीखालीच थांबला. "आक्का, चुकलो. तेवढा फोन लाव."

सरूबाईनं त्याच्याकडे पाहत फोन लावला. "बाई, गुरुवारी आणते चिमणीला. मी सोता आणते. काय बी करा, पन हिला जगवा."

निवृत्ती तिच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागे घेतले.

"माफ न्हाई केलं तुला. ही मेली, तर फिटंफाट झाली म्हणशील तू."