टिटवीचे गिरमिट
अंतराळ आरमारात साठ वर्षे राबलेल्या ‘टिटवी’ वर्गाच्या चिमुकल्या विज्ञाननौकांना तोफ नसे. उल्का पोखरणारे गिरमिट तेवढे असे. खाली शिराळ्यात नागपंचमीची गर्दी उसळली होती आणि तिच्यावर आग ओकायला शत्रूची युद्धनौका ढगांतून उतरत होती. तिने वाटेतल्या टिटवीवर डागलेल्या पहिल्याच गोळ्याने कप्तान मनुबाईंचा उजवा हात खांद्यापासून उडाला. तरीही त्यांनी आपली नौका शत्रूच्या पोटाला भिडवली. गिरमिट चालवणाऱ्या पोराला त्या ओरडल्या, “पायगोंडा, सरक बाजूला! मुंगी वाचवणाऱ्या जैनाच्या हाताला माणसाचं रक्त नको.” डाव्या हाताने त्या गिरमिटाच्या चाकाशी झुंजल्या, चाक हलेना. “आवं आक्का, एका हाताचं काम न्हाई ह्ये,” म्हणत पायगोंडाने दोन्ही हातांनी चाक गरगर फिरवले. पोलाद फाटले, आतल्या किंकाळ्या विझल्या आणि युद्धनौका गावाबाहेरच्या धरणात कोसळली. “संपलं, लेकरा. सोड आता चाक.” “हात सुटंना झाल्यात, आक्का.”