मागची सीट

आमच्या चिरंजिवांना कुणाला काही विचारायचं म्हणजे जिवावर येतं. प्रवासी ने-आण करायची व्हॅन परस्पर घरासारखी करायला घेतली. "आई, लॉजचे जिने चढून तुझे गुडघे जातात ना? आता झोपणं, चहापाणी सगळं गाडीतच. तुला मावशीकडे नेतो," म्हणाला. त्याची मावशी, म्हणजे माझी धाकटी बहीण, अंथरुणाला खिळलीय आणि रस्ता दोन दिवसांचा. मीही हुरळले, खिडक्यांचे पडदे स्वतः शिवून दिले.

आज पिशवी घेऊन गाडीपाशी गेले. आत ऐसपैस पलंग, शेगडी, नळ लावलेली पाण्याची टाकी, कशाला म्हणून कमी नाही. पण एवढं बसवायला मागच्या सगळ्या सीटा काढून टाकलेल्या. पुढे उरल्या दोन. एकीवर चिरंजीव स्वतः, दुसरीवर सूनबाई, कारण मागे बसलं की तिला मळमळतं.

"अगं आई, मग तू पलंगावर आडवी हो ना. मस्त झोपून चल!"

तिकडे बहीण दाराकडे डोळे लावून पडलेली. मी पिशवी खाली ठेवली.

"गाडीत आडवं होऊन माणूस एकदाच जातं, बाळा. आणि तेव्हा पडदे शिवायला मी नसेन."