दहा आणि बावन्न

नोटरीबाईंनी वेताच्या टोपलीत हात घातला आणि तोंबोला या आकड्यांच्या खेळातली एक लाकडी चकती बाहेर काढली. दहा.

“घेवडा,” डॉक्टर इम्पारातो म्हणाले, आणि नोटरीबाई हसल्या. तोंबोल्याच्या नव्वद आकड्यांची नव्वद नावं नेपल्सच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. मागच्या खेपेला सत्तेचाळीस निघाला होता. सत्तेचाळीस म्हणजे मेलेला माणूस. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

आज हसली नाही ती ओर्नेल्ला. ती संगणकापुढे बसली होती. यादीत एकेचाळीस जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत एकाच्या किडन्या गेलेल्या, दुसरा आपली एक द्यायला तयार, पण जुळत नाही. मग याची त्याला, त्याची तिसऱ्याला, अशी अदलाबदल करायची. जास्तीत जास्त किती जणांचं जमेल ते शोधायचं काम प्रोग्रामचं, आणि तो चालवायचं काम अकरा वर्षं ओर्नेल्लाचं.

काळ्या पडद्यावर कमांडची एकच ओळ असे आणि तिच्यामागे पर्यायांचं शेपूट. वेळ, फार तर एक तास. कसर शून्य, म्हणजे एक किडनीही कमी चालणार नाही. आणि शेवटी सीड. सारखीच चांगली उत्तरं दोन-चार असली, तर त्यातलं कुठलं हाती लागणार ते या सीडच्या आकड्यावर ठरतं. म्हणून तर ती टोपली. आकडा माणसाने आपल्या मनाने घ्यायचा नाही, साक्षीदारांपुढे काढायचा, आणि प्रोग्राम एकदाच चालवायचा. हा नियम ओर्नेल्लानेच लिहिला होता. भारी हौस होती तिला नियमांची.

तिने दहा टाइप केलं. चार मिनिटांत उत्तर आलं. चौदा जणांना किडनी. डॉक्टरांनी मान डोलावली, नोटरीबाईंनी वहीत ‘दहा’ लिहून सही केली, आणि तू यादी छापून ठेव, तोवर आम्ही कॉफी घेऊन येतो, असं सांगून दोघं खाली गेले.

यादीत नावं नसतात, नुसते जोड्यांचे क्रमांक. पण वय, रक्तगट, डायलिसिस कधी सुरू झालं, सगळं असतं. सख्ख्या बहिणीला भावाची नोंद ओळखायला असा किती वेळ लागणार? जोडी क्रमांक अठरा म्हणजे तिचा धाकटा भाऊ नुन्झियो आणि त्याची बायको तितीना. ओर्नेल्लाने हे ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवलं असतं, आणि आज तिला तेच बरं वाटलं असतं.

चौदांमध्ये अठरा नव्हता.

पुढची खेप चार महिन्यांनी. नुन्झियोच्या दोन्ही हातांच्या शिरा निकामी झाल्या होत्या, आता मानेतून नळी घातली होती. हे चार महिने निघतील असं काही मला वाटत नाही, असं डायलिसिसच्या डॉक्टरीणबाईंनी तितीनाला जिन्यात गाठून सांगितलं होतं.

नुसतं बघायचं, ओर्नेल्ला स्वतःशी म्हणाली. बघितल्याने काय बिघडतंय? अहो, जे बिघडतं ते बघितल्यानेच तर बिघडतं. तिने तीच ओळ परत आणली, दहा खोडलं आणि बावन्न लिहिलं. बावन्न म्हणजे आई.

चार मिनिटं गेली. चौदा जणांना किडनी. अठरा त्यात होता.

माणसं बाकी सगळी तीच. फक्त सत्तावीस गळला होता. ओर्नेल्लाने नको म्हणता म्हणता ती नोंद उघडलीच. वय चौतीस, डायलिसिसला सहा वर्षं, किडनी द्यायला आई तयार.

दोन्ही उत्तरं खरीच होती. यादी अजून छापली नव्हती. वहीत नुसता आकडा होता, आणि त्या आकड्याला हेच उत्तर येतं की नाही हे तपासण्याची अक्कल त्या इमारतीत एकट्या ओर्नेल्लाला होती. ती छपाईच्या बटणावर बोट ठेवून बसून राहिली. जिन्यात डॉक्टरांचा आवाज आला तेव्हा तिने बावन्नचं उत्तर पुसून टाकलं आणि दहाचं छापलं. तिला रडू आलं नाही, राग आला. त्या सत्तावीसच्या आईचा राग आला, जिला तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी कॉफीचा कप तिच्यापुढे ठेवला. “एकदाच चालवलंस ना?” हे ते दर खेपेला विचारत, सवयीने.

“एकदाच,” ती म्हणाली.

दुपारी एक वाजता नुन्झियोचा फोन आला. निकाल रीतसर हॉस्पिटलकडून कळायचा होता, पण तेवढा धीर कुणाला होता? मागे तितीनाने रेडिओ बंद केलेला ओर्नेल्लाला ऐकू आला.

“काय म्हणालं गं मशीन?”

“नाही म्हणालं.”

मग नुन्झियो तिचीच समजूत काढायला लागला, ही त्याची लहानपणापासूनची खोड. जेवलीस का, विचारलं. रविवारी ये, तितीना वांगी करणार आहे, म्हणाला. ती हं हं करत राहिली.

“आणि हे बघ, ओर्ने, तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “तुझ्या हातात थोडंच असतं?”