घाफच्या झाडापर्यंत

"चप्पल नेली तिनं माझी," मागच्या पायरीवर बसून अंबादास म्हणाले. "नुसती उजवी. चोराला काही रीतभात असते, हिला तीही नाही."

शालिनीने स्वयंपाकघराच्या दारातूनच वाकून पाहिलं. वाळूत छोटे, स्पष्ट ठसे एका ओळीत उमटले होते.

"मांजर असेल, बाबा."

"मांजराची नखं उमटत नाहीत, सूनबाई. ही खोकड आहे. मादी."

जनावरांच्या बाबतीत सासऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गोंदियाकडच्या जंगलात त्यांनी बत्तीस वर्षं फॉरेस्ट गार्डची नोकरी केली होती. गावात शिरलेली अस्वलं आमिषावर पकडावीत ती त्यांनीच.

मुलाचा, सत्यजितचा फोन गेल्यावर दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर ते दुबईशेजारच्या अजमानला आले होते. जूनमध्ये शालिनी इस्पितळातून रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हापासून तिने उंबरठा ओलांडला नव्हता. आता नोव्हेंबर लागला होता. सत्यजित दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामातून कामावरून येताना पार्सल आणायचा, ती दोन घास खायची आणि पडदे ओढून पडून राहायची. डॉक्टर झाले, मैत्रिणी झाल्या, नवससुद्धा बोलून झाले. जानेवारीपर्यंत फरक पडला नाही तर तिला माहेरी पाठवायचं ठरलं होतं. पुन्हा कधी आणायचं, ते कोणी बोललं नव्हतं. आणि तिने नुसतं "बरं" म्हटलं होतं, याचंच सत्यजितला जास्त भय वाटत होतं.

"वॉचमन विष ठेवायचं म्हणतोय," अंबादास म्हणाले. "कचऱ्याच्या पिशव्या फाडते म्हणे."

शालिनी ठशांकडे बघत राहिली. "पिलं असतील का हो तिला?"

म्हाताऱ्याने काठीने वाळूत एक रेघ ओढली. "असतील, नसतील. भूक तर आहे ना?"

"मग काय करायचं?"

"आमिष. रोज चार पावलं लांब न्यायचं. पार त्या घाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडापर्यंत. पलीकडे मोकळं रान आहे, तिथे वॉचमनचं काय चालणार! पण माझा हा गुडघा. तूच ठेव."

"मी?"

"नाही तर खाऊ दे विष."

पहिल्या दिवशी तिने पार्सलमधली रोटी ठेवली. सकाळी ती तशीच होती, मुंग्या लागलेली.

"हॉटेलचं आपल्यालाच जात नाही, तिला काय जाणार! भाकरी कर. गरम, वर तूप-गूळ." गेल्या पाच महिन्यांत तिने पिठाला हात लावला नव्हता. पहिली भाकरी तव्यावर फाटली. दुसरी जमली. सकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती आणि शेजारी ठसे होते.

"बाबा, आली होती!" शालिनी ओरडली. आत दाढी करणारा सत्यजित धावत आला. तिचा असा आवाज त्याने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

मग नियम आले. वेळ चुकवायची नाही. ताटली एकाच हाताने ठेवायची. घाई नाही. "अस्वल पळून पकडत नाहीत, बसून पकडतात. एकाला मोहाची फुलं घालत मी एकवीस दिवस बसलो होतो. त्याला पत्ता लागता कामा नये, की आपण त्याच्यासाठीच बसलोय."

पंधरवड्याने आणखी एक नियम निघाला. "तूही तिथेच बसून दोन घास खा. म्हणजे माणसाचा वास तिला परका वाटणार नाही."

शालिनी वाळूत चटई टाकून बसू लागली. दोनाचे चार घास झाले. अंबादास पायरीवर काठी टेकून, दुसरीकडेच तोंड करून बसत. ते चुकूनही तिच्याकडे पाहत नसत.

सत्यजितने त्यांना नवी चप्पल आणली. "दहा दिरहम? म्हणजे सव्वादोनशे रुपये! त्या खोकडीला म्हणावं, आता ही तरी सोड."

महिना होत आला तेव्हा ताटली घाफच्या झाडाखाली पोचली. समोरच्या घरातून हैदराबादच्या हाफिजा बाहेर आल्या. "रोज क्या रखते जी तुम?"

शालिनीने सांगितलं. हाफिजा हसल्या, आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. त्या दिवशी शालिनी परतली तेव्हा अंधार पडायला आला होता. तिने जून महिन्याचं सगळं सांगितलं होतं आणि त्या बाईला मिठी मारून ती रडली होती. दुसऱ्या दिवशी तिने दोन भाकऱ्या जास्त केल्या.

माहेरच्या तिकिटाचा विषय मग कोणी काढला नाही.

अंबादासांना सोडायला शालिनी विमानतळावर गेली. गाडीत पुढे बसून गेली. ट्रॉली ढकलत म्हातारा असा तरातरा निघाला की सत्यजितला मागे पळावं लागलं.

"बाबा, ती खोकड दिसली का हो शेवटी?" त्याने विचारलं.

"दिसली की. झाडाखाली बसून भाकरी खात होती."

"मग मला का नाही हाक मारलीत?" शालिनी रुसून म्हणाली.

"हाक मारली की जनावर बिचकतं, पोरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता ते आत गेले.

घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, काठी इथेच राहिली. कोणाबरोबर तरी पाठवावी म्हणून ती त्यांच्या खोलीत गेली. काठी दारामागे उभी होती. तिच्यामागे, भिंतीला टेकून, उजव्या पायाची जुनी चप्पल होती. शालिनीने ती उचलून उलटी केली. टाचेच्या रबरावर चाकूने एक उठावदार पंजा कोरून काढला होता, चार बोटं आणि नखांसकट, आणि त्याच्या खाचांत अजून वाळू होती.