हिरव्या ठिपक्यामागचं मीठ

"पुढचं चित्र बघू नका, आजी. पाकीट उलटून मागचं वाचा," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं.

दुकानात कुमुदिनीबाईंनी मसाला ओट्सचं तेच पाकीट उचललं. यजमानांना मीठ बंद झाल्यापासून घरात लोणचं-पापड नव्हते. पूजा आटोपली की त्या याच ओट्सची वाटी त्यांच्यापुढे ठेवत. शाकाहाराचा हिरवा ठिपका दिसला की झालं, उलटून कशाला बघायचं? आता पाय सुजून, धाप लागून यजमान दवाखान्यात होते. आज त्यांनी पाकीट उलटून मागचं वाचलं.

"शेठ, हे सोडियम म्हणजे काय हो?"

"मीठच धरा, काकू."

"मग पुढे एवढा थोरला लाल बदाम, हृदयाची काळजी घेतो म्हणे! आणि मीठ मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही दुसऱ्याच नावानं? देवाला तरी भ्यायचं होतं मेल्यांनी!" घरात कधी न चढलेला आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. पाकीट त्यांनी काउंटरवर आपटलं.

घरी येऊन त्यांनी मुगाची खिचडी अळणीच शिजवली. "तुम्ही खाल तेच मी खाईन," असा यजमानांना शब्द दिला होता. डब्यात दोघांपुरती खिचडी भरून, दोन चमचे घेऊन त्या दवाखान्याकडे निघाल्या.