बावीस वाक्यं

माझा भाचा कंपनीत प्रोग्राम लिहितो आणि परदेशातल्या ऑफिसातली एक बाई ते तपासते. तीन वर्षं तिच्याकडून एकच उत्तर यायचं, ‘चूक आहे. पुन्हा करा.’ बढती तिच्याच शेऱ्यावर अडलेली, म्हणून हा पठ्ठ्या दात-ओठ खात, पण तोंडातून ब्र न काढता, रविवारसुद्धा न बघता पुन्हा करून पाठवायचा.

शेवटी कंपनीने त्याला आठवडाभर तिकडे धाडलं. “मामा, काम गेलं खड्ड्यात. आधी त्या भवानीची खरडपट्टी काढतो,” असं मला बजावून तो विमानात बसला. सोळा तासांत त्याने बावीस वाक्यं घोकली. खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो, बॅग हातात घेऊनच तो तिच्या टेबलापुढे उभा राहिला. नाव सांगितलं आणि पहिलं वाक्य सोडलं, “तीन वर्षं माझं रक्त आटवणाऱ्या त्या तुम्हीच ना?”

बाईने चष्मा काढला, त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि शेजारणीला हाक मारली.



“अगं, इकडे ये. कितीही वेळा परत पाठवलं तरी कुरकुर न करणारं ते मशीन आपण एक तारखेला बंद करतोय ना? ते माणूस निघालं.”